पाट्यातून पातं

(दृश्य: दिवस मावळलाय. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटते आहे.)

सोलापूरचा उन्हाळा. दुपारी पारा चाळिशीच्या वर, तेव्हा भट्टीजवळ उभं राहवत नाही. पण हा हौशी कारागीर अंधाराची वाट पाहतो ती वेगळ्याच कारणानं. लख्ख उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही, आणि हे सगळं काम रंगावरच चालतं.

दिवसा तो यंत्रमाग दुरुस्त करतो. रात्री आखूड तलवार घडवतो. पातं सोळा इंचांचं, धारेची बाजू एकच.

माल भंगारातला, ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगचा पाटा. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या गावात त्याला काय तोटा! ऊसतोडीचे कोयतेही याच पोलादाचे होतात. फक्त जुन्या पाट्यात डोळ्यांना सहज न दिसणारी चीर असू शकते, म्हणून तो आधी घासून, निरखून घ्यायचा.

(ऐरणीवर घणाचे ठोके)

धारेची बाजू ठोकली की ती पातळ होते, लांबते आणि पातं पाठीकडे वाकतं. म्हणून हा गडी सुरुवातीलाच पातं उलट, धारेकडे वाकवून घेतो. ठोकता ठोकता ते आपसूक सरळ येतं. मुठीत जाणारी शेपटी जिथं सुरू होते तिथं काटकोन ठेवत नाही, गोलाई देतो. पातं मोडलं तर बहुतेकदा तिथंच मोडतं.

बघणाऱ्याला ठिणग्या आवडतात, पण तलवारीचं खरं नशीब यानंतर ठरतं.

घडाई संपली की पातं तीनदा लाल करून हवेत निवू दिलं जातं. ठोक्यांनी आत बसलेला ताण त्यानं सुटतो. मग पाणी पाजायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम निववून कडक करायचं. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. दोरीला बांधलेला चुंबक तो पात्यावर ठिकठिकाणी टेकवून पाहतो. कुठंच चिकटला नाही, की आणखी थोडी आच. मग पातं सरळ उभं, एका दमात कोमट तेलात. साध्या पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते, आणि तिरकं बुडवलं तर पिळवटतं. तेल भडकलं तर झाकायला पत्रा हाताशी हवाच.

आता कानस फिरवली तर नुसती घसरते. इतकं कडक पातं काचेसारखं फुटू शकतं. ते तसंच रात्रभर ठेवायचं नाही, मंद आचेवर पुन्हा तापवून कडकपणा थोडा उतरवायचा.

शेजारच्या चुलीवर परातीत वाळू तापलेली आहे, पातं तिच्यावर. पात्याचा एक पट्टा घासून चकचकीत केलाय, तेवढ्यावरच त्याची नजर. आधी फिका पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. सुरीला पिवळ्यावर थांबलं तरी चालतं. तलवारीला लवचीकपणा हवा, म्हणून तो निळ्या रंगापर्यंत, तीनशे अंशांच्या आसपास जातो. सगळ्या कामात मला हीच वेळ सर्वांत सुंदर वाटते. इथं हातोडा नाही, जोर नाही, नुसतं बघणं आहे.

मूठ बाभळीची, पितळी रिव्हेट मारून बसवलेली.

या पात्याला धार लावलेली नाही. आपल्याकडे तलवार शस्त्र कायदा, १९५९ खाली येते. घरकामाची किंवा शेतीची अवजारं वेगळी. तेव्हा तुम्हाला हात घालायचा असेल, तर पाटा आणण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून या. आणि पहिल्यांदा खुरपं करा. भट्टी, तेल, वाळू, सगळी रीत हीच लागते.