मुंबईला न आलेली चांदी: मॉर्गन डॉलरची पारख

(पडद्यावर: काळ्या कापडावर एक चांदीचा डॉलर, बाजूला जॉर्ज पंचमाचा रुपया)

1918 चा उन्हाळा. महायुद्धाचं चौथं वर्ष. हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड आघाडीवर जातंय आणि त्याचे पैसे इथे रुपयांत मोजावे लागताहेत. रुपया तेव्हा चांदीचा होता. नोट घेऊन आलेल्या माणसाच्या हातावर चांदीचा रुपया ठेवता येईल की नाही, याची सरकारला धास्ती वाटू लागली होती. ब्रिटनने अमेरिकेपुढे हात पसरला. 23 एप्रिल 1918 ला अमेरिकेत पिटमन कायदा झाला आणि सरकारी तिजोऱ्यांत पडून असलेले चांदीचे डॉलर भट्टीत जाऊ लागले. एकूण 27 कोटींहून जास्त. त्यातले जवळपास 26 कोटी केवळ हिंदुस्थानसाठी. जे भट्टीतून वाचले, ते मुंबईला आलेच नाहीत; आज पारख त्यांची.

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात आपण जॉर्ज पंचमाचा 1918 किंवा 1919 सालचा रुपया ठेवत असू, तर त्यात कधीकाळी डॉलर असलेली चांदी असू शकते.

हे वितळलेले डॉलर बहुतेक मॉर्गन डॉलर होते. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरणाऱ्याने घडवलेले, 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 साली पाडलेले. वजन 26.73 ग्रॅम, व्यास 38.1 मिलिमीटर, चांदी 90 टक्के. एका बाजूला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड.

भट्टीत कोणत्या सालची, कोणत्या टाकसाळीची किती नाणी गेली, हे कोणी लिहून ठेवलं नाही. म्हणून या नाण्याच्या बाबतीत टाकसाळीच्या वहीतला आकडा पाहून दुर्मिळता ठरवता येत नाही. 1895 साली फिलाडेल्फियात 12,000 साधी नाणी पाडल्याची नोंद आहे. पण संग्राहकांना माहीत आहेत ती फक्त खास पॉलिश करून पाडलेली 880 प्रूफ नाणी. उलटं उदाहरण न्यू ऑर्लिन्सच्या 1903 च्या नाण्याचं. पाडली होती 44 लाखांवर, पण ती बाजारात दिसतच नव्हती, म्हणून संग्राहक त्यासाठी मोठी रक्कम मोजत. 1962 साली सरकारी तिजोरीतून त्याच नाण्यांच्या न फोडलेल्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

(पडद्यावर: भिंगाखाली नाण्याची मागची बाजू)

मग पाहायचं काय? नाणंच. आणि तेही भिंगातून.

पहिली नजर मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या माळेच्या खाली. तिथे एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, ओ असेल तर न्यू ऑर्लिन्स, सीसी असेल तर नेवाडातलं कार्सन सिटी, डी असेल तर डेन्व्हर. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. ही अक्षरं त्या काळी प्रत्येक डायवर, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या पोलादी साच्यावर, हाताने ठोकली जात. हात कधी हलायचा, कधी दुसऱ्यांदा ठोकावं लागायचं, कधी जुन्या डायवरच नवं अक्षर बसवलं जायचं. एकाच सालच्या, एकाच टाकसाळीच्या नाण्यांत भेद निर्माण झाले ते असे. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी हे भेद एकेक करून नोंदवले. त्यांच्या आडनावांवरूनच या भेदांना व्हॅम क्रमांक म्हणतात. आज असे हजारो क्रमांक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना एक पैसाही जास्त मिळत नाही, हे विकत घेणाऱ्याने आधीच समजून घेतलेलं बरं.

ज्यांना मिळतो, त्यांच्या मागे बहुधा टाकसाळीतली एखादी घडामोड असते. 1878 मध्ये पहिल्या नाण्यांवर गरुडाच्या शेपटीत आठ पिसं होती. ती सात करायचं ठरलं. घाई होती, म्हणून आठ पिसांच्या काही डायवरच सात पिसांचा ठसा दाबला गेला. त्या नाण्यांवर सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावताना दिसतात. टोकं जितकी जास्त आणि ठळक, तितकी मागणी जास्त.

कार्सन सिटीत नाणी पाडणं 1893 साली थांबलं. तिथल्या उरलेल्या डाय फिलाडेल्फियात परत आल्या, त्यांच्यावरच्या सीसीवर ओ ठोकला गेला आणि त्या न्यू ऑर्लिन्सला गेल्या. 1900 च्या काही नाण्यांवर ओच्या आजूबाजूला सीसीचे अवशेष स्पष्ट दिसतात. बंद पडलेल्या टाकसाळीची खूण दुसऱ्या शहराच्या नाण्यावर उरावी, याहून बोलका भेद माझ्या मते या मालिकेत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्याच 1888 च्या एका डायवर लिबर्टीचे ओठ, नाक आणि हनुवटी दुहेरी उमटली आहे. तिच्यातून निघालेल्या नाण्यांना संग्राहक 'हॉट लिप्स' म्हणतात. ती बहुतेक झिजलेलीच सापडतात, पण दुहेरी ओठ नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. इथे एक सावधगिरी हवी. नाणं पाडताना डाय किंचित सरकली, तरी अक्षरांना चपटी, पायरीसारखी कड येते. तेही दुहेरीच भासतं. त्याला किंमत नाही. डायमध्येच असलेला दुहेरीपणा गोलसर आणि उठावदार असतो.

(पडद्यावर: दोन नाणी शेजारी, एक झिजलेलं, एक लख्ख)

भेद ओळखल्यावर प्रश्न प्रतीचा, म्हणजे नाणं किती चांगल्या स्थितीत आहे याचा. प्रत 1 ते 70 या मापावर ठरते, 70 म्हणजे निर्दोष. आधी लिबर्टीच्या कानाच्या वरचे केस आणि गरुडाची छाती पाहावी, झीज तिथे लवकर दिसते. मग लिबर्टीचा गाल, कारण थैल्यांत नाणी एकमेकांवर आपटून तिथेच घाव पडतात. प्रतीने किंमत किती बदलते? सॅन फ्रान्सिस्कोची 1884 ची नाणी 32 लाख पाडली गेली. झिजलेलं नाणं सहज परवडतं. न वापरलेलं मात्र फार थोड्यांना पाहायला मिळतं.

आणि नाणं घासायचं नाही. दिवाळीला चांदी राखेने, दंतमंजनाने उजळवायची आपल्या घरांतली सवय जुनी आहे. समईला, ताटाला ती शोभते. नाण्यावर मात्र सूक्ष्म ओरखडे उठतात, मूळ तेज जातं आणि जाणकाराला ते लगेच कळतं.

शेवटी नकली मालाबद्दल. सगळ्यात जास्त नकला होतात त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या 1893 च्या नाण्याच्या. एक लाखच पाडलेलं. त्यातलं एक अत्युत्तम नाणं 2021 मध्ये 20 लाख डॉलरच्या वर गेलं. फसवणारे फिलाडेल्फियाच्या नाण्यावर एस चिकटवतात किंवा दुसऱ्या सालचा शेवटचा आकडा बदलतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत दर्शनी बाजूची एकच डाय वापरली गेली. त्यामुळे खऱ्या नाण्यावर लिबर्टी या शब्दातल्या टीच्या वरच्या भागात एक बारीक, तिरकी, उठावाची रेघ असते. वजन तपासा, एसच्या बुडाशी जोड दिसतो का पाहा, मग ती रेघ शोधा. दिसली नाही, तर पैसे मोजू नका. दिसली, तरी पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थेकडून प्रमाणित करून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका.