रात्री नऊ वाजताचा स्लॅब

श्रोतेहो, नमस्कार. २६ मेच्या आसपास नागपुरात भरदुपारी बाराच्या सुमारास अंगणात उभं राहून पाहा. तुमची सावली पायाखालीच गडप होते. सूर्य नेमका डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींवर ऊन निसटतं पडतं आणि छतावर थेट. गच्चीखाली राहणाऱ्याचा उन्हाळा खालच्या शेजाऱ्यापेक्षा वेगळा असतो तो म्हणूनच.

मीही गच्चीखालचाच. मे महिन्यात रात्री नऊला स्टुलावर चढून छताला तळहात लावला, की नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीची ऊब लागते. पाच इंची काँक्रीट दुपारभर ऊन पितं आणि तीन-चार तासांनी ते घरात सोडतं. शरीराला नुसती हवा जाणवत नाही. भोवतालच्या भिंती, छत किती तापलंय तेही जवळपास तेवढंच जाणवतं. कूलर हवा गार करतो, पण डोकं वरून शेकतच राहतं. पंखा तर छतालगतची गरम हवाच खाली ढकलतो. मग एसी चोवीसवरून अठरावर येतो आणि बिल वाढतं. आपल्याकडे विजेच्या बिलालाही स्लॅब असतात, म्हणजे दराचे टप्पे. एसीची जादा युनिटं नेमकी महागड्या स्लॅबमध्ये जातात.

माझ्या आजोळी, मराठवाड्यात, माळवद होतं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे झोप लागायची. पावसाळ्यात गळायचं, ते सोडा.

आता माती नको, पण उष्णता अडवणारा थर हवाच. छतासाठी वापरतात त्या घट्ट फोमचा दोन इंची थर उष्णता अडवण्यात दोन मीटर काँक्रीटला भारी पडतो. २०१८ च्या इको निवास संहितेनुसार, म्हणजे घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमावलीनुसार, आत-बाहेरच्या तापमानातल्या एक अंश फरकामागे छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा स्लॅब जवळपास तिप्पट येऊ देतो. थर शक्यतो स्लॅबच्या वर घालावा, म्हणजे स्लॅबच तापत नाही. त्यावर पाणी अडवणारा सिमेंटचा कोबा, वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांचा थर, आणि उतार पाइपाकडे. नुसतं पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं तर थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापतोच.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा थर उष्णता बाहेर जायलाही अडवतो. एसी नसलेल्या घरात रात्री खिडक्या उघड्या हव्यात. तिथे मी आधी गच्चीला पांढरा रंग द्या म्हणेन. खर्च कमी, आणि रात्री छत निवतंही.

आमच्या सोसायटीत मात्र अडलंय. गच्ची सगळ्यांची, उकाडा वरच्यांचा, मग वर्गणी कोणी काढायची? शनिवारी मीटिंग आहे. रात्री नऊला, माझ्याच घरी ठेवलीय. स्टूल काढून ठेवलंय.