माहीमहून राखलेला बर्फ

आपण ऐकत आहात तो आवाज नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आहे. कॅनडातील कॅल्गरी शहरात रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत, तापमान शून्याखाली १४ अंश आहे आणि घरामागच्या अंगणात स्केटिंगसाठी बर्फाची रिंक करायला एक माणूस पाणी सोडत उभा आहे. माहीममध्ये त्याच वेळी सकाळचे दहा वाजले असून, त्याचे वडील मोबाइल चष्म्याजवळ धरून ते पाणी कोणत्या बाजूला वाहते आहे ते पाहत आहेत. त्यांची सारी नोकरी ससून डॉकजवळच्या बर्फाच्या कारखान्यात झाली. मुंबईच्या नोंदींतले नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ चे, तेही ७.४ अंश, म्हणजे उघड्यावर धरलेला बर्फ या शहराने पाहिलेला नाही. तरीही बर्फ कसा धरतो, हे वडिलांना मुलापेक्षा अधिक ठाऊक आहे.

थंडी पडली की अंगणात पाणी सोडायचे आणि सकाळी स्केट चढवायचे, अशी मुलाची पहिल्या वर्षी समजूत होती. प्रत्यक्षात रिंकचे काम ऑक्टोबरमध्येच सुरू होते, कारण पाणी अडवणाऱ्या कडेच्या फळ्यांना आधार देणाऱ्या खुंट्या जमीन गोठण्यापूर्वी ठोकाव्या लागतात. नंतर त्या जमिनीत शिरत नाहीत आणि पाण्याच्या दाबाने फळ्या बाहेर झुकतात. फळ्यांच्या आत पांढरी प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरली जाते. ती पांढरीच हवी, गडद रंगाची ताडपत्री पातळ बर्फातून येणारे ऊन शोषून घेते आणि बर्फ खालून सुटू लागतो. मात्र ताडपत्रीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीचा उतार. हे अंगण १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. डोळ्यांना ते सपाट वाटते, पण गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वडिलांनी धरायला लावली तेव्हा एका टोकाला तब्बल १० सेंटिमीटरचा उतार निघाला. म्हणजे वरच्या टोकाला १० सेंटिमीटर पाणी ठेवले, तर खालच्या टोकाला ते २० सेंटिमीटर होते. एकूण पाणी सुमारे १०,८०० लिटर. आपल्याकडे सोसायटीत येणाऱ्या मोठ्या टँकरपेक्षा थोडे जास्तच.

दुप्पट खोल पाणी गोठायला दुप्पट वेळ लागेल, असे कोणालाही वाटेल. ते तसे होत नाही. वर धरलेला बर्फच खालच्या पाण्यावर गोधडीसारखा बसतो आणि त्याची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. एक लिटर पाणी शून्य अंशावर गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते आणि ती सारी त्या गोधडीतूनच जावी लागते. कारखान्यातल्या लादीचेही असेच असे. बाहेरची बाजू लवकर धरे, गाभा मात्र तासन्‌तास पाणीच राही. पहिल्या वर्षी मुलाने तिसऱ्याच दिवशी खोल टोकावर पाय ठेवला, टाच आत गेली, ताडपत्री फाटली, पाणी निघून गेले आणि वरती उरले पापुद्र्यासारखे पोकळ कवच. वडील फोनवर एवढेच म्हणाले, “अरे, पोट धरल्याशिवाय लादी उचलतात का?”

तळ पक्का झाला की रोज रात्री पातळ थर द्यायचे असतात, आणि या कामाची खरी कसोटी येथेच लागते. आधी बर्फाचा भुगा खराट्याने काढायचा. तो राहिला तर पृष्ठभाग खडबडीत होतो. मग भेगांमध्ये ओला बर्फ लगद्यासारखा दाबून भरायचा. त्यानंतर नळीला जोडलेल्या आडव्या पाइपावर जुना टॉवेल बांधून गरम पाणी एकसारखे पसरवत मागे मागे सरकायचे. गरम पाणी जुन्या थराचा वरचा भाग किंचित वितळवून त्याला चिकटते, शिवाय त्यात विरघळलेली हवा कमी असते. लादीच्या मध्यभागी दिसणारा पांढरा गाभा हवेमुळेच होतो, म्हणून कारखान्यात लादीच्या साच्यातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ते हलते ठेवत. काम संपले की नळी रिकामी करून घरात आणायची. बाहेर राहिली तर सकाळी ती काठी झालेली असते.

कॅल्गरीत थंडीपेक्षा चिनूकचा धाक मोठा आहे. रॉकी पर्वतावरून उतरताना दाबाने तापलेला हा कोरडा वारा काही तासांत तापमान २० अंशांनीही वर नेऊ शकतो. तेव्हा सर्वांत आधी उत्तरेकडची कड सुटते, कारण दक्षिणेचे ऊन त्या बाजूच्या फळीवर पडून ती तापते. पडलेले एखादे पानसुद्धा ऊन शोषून स्वतःच्या आकाराचा खड्डा करते. या दृश्यात मेपलच्या पानाचा तो ठसा देठासकट दिसतो. अशा दिवशी शहाणपण एकच, रिंकवर पाऊल टाकायचे नाही. वर साचलेले पाणी उपसायचेही नाही. तळ शाबूत असेल तर पुढच्या थंडीत तेच आरशासारखे गोठते.

अशा रिंकांना कॅनडात मोठी परंपरा आहे. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की ब्रँटफर्डमध्ये वडिलांनी अंगणात केलेल्या बर्फावर खेळून वाढला. ते हिरवळीला पाणी देणारा फवारा रात्री चालू ठेवत. २०१३ साली विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील संशोधकांनी ‘रिंकवॉच’ हा उपक्रम सुरू करून लोकांकडून स्केटिंग करता आलेल्या दिवसांच्या नोंदी मागवल्या, आणि दिवसाचे सरासरी तापमान शून्याखाली ५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय बर्फ नीट टिकत नाही, असे त्यांतून दिसून आले.

मार्चमध्ये बर्फ धूसर होतो आणि फळीपासून बोटभर सुटतो. मग ताडपत्री लवकर काढावी लागते, नाहीतर तिच्याखालचे गवत उन्हाने उबून मरते. मुलगा सकाळी नळी तोंडाने ओढून पाणी हळूहळू रस्त्याकडेच्या गटाराकडे सोडतो, एकदम सोडले तर ते शेजाऱ्याच्या तळघरात शिरेल. माहीममध्ये तेव्हा संध्याकाळ असते. दहा हजार लिटर पाणी वाहून जाताना वडील शेवटपर्यंत पाहत नाहीत. नळाला पाणी आलेले असते, आणि त्यांना पिंप भरायचे असते.