टाकी वर, पंप खाली

[दृश्य: कात्रजचा तलाव. तिथून हळूहळू शहराकडे.]

कात्रजच्या तलावातलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आलं ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर. जमिनीखालून बांधलेला नळ, हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास, आणि बाकीचं सगळं काम उताराने केलं. पंप नव्हता. त्यामुळे हौद भरला की नाही, हे वर कुणाला कळवायची गरजही नव्हती.

आताचं पुणे टेकड्यांच्या पोटाला चढलंय. आंबेगाव, वारजे, बावधन, कोंढवा, कुठेही मान वर करून बघा, इमारतींच्याही वर एखादी टाकी दिसेल. पाणी खालून वर ढकलायचं, म्हणजे पंपहाउस एकीकडे आणि टाकी दुसरीकडे. मध्ये रस्ता, नाला, कुणाची तरी खासगी जमीन. टाकी भरली हे पंपाला वेळेत कळलं नाही तर काय होतं, ते टाकीखालच्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारा.

केबल टाकावी, तर आधी रस्ता खोदायची परवानगी काढा. मग पुढच्या वर्षी तोच रस्ता दुसरं कुणीतरी खोदणार आणि आपली केबल तोडणार. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको.

[दृश्य: पंपहाउसमधलं पॅनल उघडतं. आत एक छोटा डबा.]

म्हणून हा डबा. रेडिओ मोडेम, म्हणजे केबलऐवजी हवेतून निरोप नेणारा. दिसायला यात काहीही नाही. ॲल्युमिनियमचं कवच, मागे डिन रेलवर, म्हणजे पॅनलमधल्या 35 मिलिमीटरच्या पट्टीवर, बसणारी खाच, 24 व्होल्टचा सप्लाय, आकडे आत-बाहेर नेणाऱ्या आरएस-485च्या दोन तारा, अँटेनाची केबल आणि तीन-चार मिणमिणते दिवे. लग्नाचा अल्बम पाठवायला याचा उपयोग नाही. याचं काम टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणं, एवढंच.

ही पातळी मोजणारा सेन्सर 4 ते 20 मिलिअँपिअरमध्ये बोलतो. टाकी रिकामी, तर 4. काठोकाठ, तर 20. रिकाम्या टाकीला शून्य का नाही? कारण शून्य राखून ठेवलंय तुटलेल्या तारेसाठी. टाकीत पाणी नाही आणि सेन्सरची तार उंदराने कुरतडली, या दोन गोष्टी खालच्या माणसाला वेगवेगळ्या कळायला हव्यात. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने साइटवर बरीच वर्षं काढलेली असणार.

त्या करंटचा आकडा होतो, आणि आकडा खाली जातो मॉडबस नावाच्या बोलीत. मॉडिकॉन कंपनीने 1979 साली आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकासाठी, ती बनवली. इतकी जुनी, इतकी साधी, की आजही भोसरीतल्या कुठल्याही पॅनलवाल्याला ती येते. पद्धत शाळेतल्या हजेरीसारखी. खालचा पीएलसी नंबर पुकारतो, त्याच नंबरची टाकी उत्तर देते, बाकीच्या गप्प. आठ बाइटचा प्रश्न, सात बाइटचं उत्तर. एका टाकीला अर्धा सेकंद धरला, तरी वीस टाक्यांची फेरी दहा सेकंदांत होते, आणि दहा सेकंदांत कुठलीही टाकी भरून वाहत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि स्वस्तातल्या मोडेमची फजिती नेमकी इथेच होते. मॉडबसमध्ये निरोप संपला हे शांततेवरून ओळखतात. साडेतीन अक्षरांइतका वेळ तारेवर काही आलं नाही, की समोरचा समजतो, बोलणं संपलं. सेकंदाला 9600 बिटच्या वेगाला हा वेळ साधारण चार मिलिसेकंद. आता मोडेमने तो निरोप हवेतून पाठवताना दोन तुकडे केले आणि मध्ये थोडं जास्त थांबला, तर पलीकडचा पीएलसी अर्ध्या वाक्याला पूर्ण वाक्य समजतो, निरोपाच्या शेवटी असणारी तपासणीची बेरीज जुळत नाही म्हणून फेकून देतो, आणि स्क्रीनवर ‘कम्युनिकेशन फेल’ झळकतं. सिग्नल उत्तम, अँटेना सरळ, आणि तरी लिंक बंद! चांगला औद्योगिक मोडेम अख्खा निरोप आधी जमा करतो, मग एकसंध पाठवतो. डेटाशीटमध्ये किलोमीटरचे आकडे ठळक छापतात. ही गोष्ट मात्र विचारून घ्यावी लागते.

[दृश्य: वेताळ टेकडीवरून दिसणारं शहर. एका बाजूला कोथरूड, दुसऱ्या बाजूला पाषाण.]

हा डबा एवढा सावकाश का बोलतो, असं आजकालची मुलं विचारतात. घरच्या वायफायपुढे याचा वेग अगदीच किरकोळ. पण रिसीव्हर जेवढा रुंद पट्टा ऐकतो, तेवढा निसर्गाचा गोंगाटही त्याच्या कानात शिरतो. वायफायचा एक चॅनल 20 मेगाहर्ट्झचा. अरुंद पट्ट्याच्या रेडिओ मोडेमचा 12.5 किलोहर्ट्झचा. 1600 पट फरक. म्हणजे गोंगाटही 1600 पट कमी, आणि तितकाच क्षीण सिग्नल त्यातून वेचून काढता येतो. वायफाय अंगणातच दम तोडतं आणि हा मोडेम टेकडीपर्यंत पोचतो, त्यामागे मुख्यतः हे गणित आहे.

पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातले याहून कितीतरी क्षीण रेडिओ सिग्नल ऐकतात. त्यांच्यासाठी मुद्दाम शांत जागा शोधली गेली. आपल्या मोडेमच्या नशिबी ते नाही. त्याला पंपाच्या व्हीएफडी ड्राइव्हशेजारीच बसायचंय, आणि मोटरचा वेग बदलणारा हा ड्राइव्ह विजेची खरखर फेकण्यात पटाईत असतो. म्हणून अँटेना पॅनलपासून लांब, छपराच्या वर. आणि आरएस-485ची वायर मोटरच्या केबलच्या ट्रेमधून न्यायची नाही, मग कॉन्ट्रॅक्टर कितीही म्हणो, ‘चालतंय हो साहेब.’

परवान्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला, आणि 2021मध्ये तो 868पर्यंत वाढला. ट्रान्समीटरची ताकद जास्तीत जास्त 1 वॅट, अँटेनाच्या जोरासकट 4 वॅट. मोडेमला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता हवी. आता गोम अशी, की ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आकर्षक दिसतात ते अमेरिकेतले 902 ते 928 मेगाहर्ट्झचे मोडेम. तिकडे तो पट्टा खुला आहे. इकडे 890 ते 915 या पट्ट्यात मोबाइलचे हँडसेट टॉवरशी बोलतात. तो मोडेम इथे लावणं म्हणजे शेजाऱ्यांच्या फोनमध्ये ढवळाढवळ, आणि कायद्याच्या दृष्टीने गुन्हा. मैत्रीखातर परदेशातून बॅगेत आणलेलं यंत्र म्हणून नियम बदलत नाहीत.

[दृश्य: अँटेनाचा खांब, पलीकडे झाडांची रांग. आधी मे महिना, मग ऑगस्ट.]

‘समोर टाकी दिसतेय ना, मग झालं.’ साइटवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण रेडिओलहरींना डोळ्यांपेक्षा जास्त जागा लागते. दोन अँटेनांमध्ये चार किलोमीटर अंतर असेल, तर 865 मेगाहर्ट्झला मध्यावर साधारण 19 मीटर त्रिज्येचा पट्टा त्यांचा असतो, आणि त्यातला निदान साठ टक्के मोकळा हवा. मध्ये टेकडीचा खांदा आला, तर दिसत असूनही सिग्नल मरतो. टेकडी आडवीच असेल, तर वर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुढे पाठवणारा रेडिओ, ठेवण्यावाचून पर्याय नाही.

झाडांचं आणखी वेगळं. मे महिन्यात पानगळ झालेल्या रांगेतून लिंक झकास चालते, काम पास होतं, बिल निघतं. ऑगस्टमध्ये तीच झाडं हिरवीगार आणि ओलीचिंब, आणि सिग्नल जमिनीवर. चाचणी उन्हाळ्यात घेतली असेल, तर भरपूर सिग्नल हाताशी राखूनच काम पास करावं.

दणकट म्हणजे काय, हेही याच साइटवर कळतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या पॅनलमध्ये त्याहून कितीतरी जास्त तापतं. मोडेमची फ्रिक्वेन्सी ठरवणारा आतला क्रिस्टल गरम झाला की सरकतो. दहा लाखांत दहा भाग सरकला, तरी 865 मेगाहर्ट्झला तो फरक 8.65 किलोहर्ट्झ होतो, आणि आपला चॅनल तर 12.5चा. म्हणजे निम्म्याहून जास्त चॅनल हातचा गेला. म्हणून चांगल्या मोडेममध्ये तापमान सावरून घेणारा क्रिस्टल असतो, आणि किमतीतला बराच फरक त्याचाच असतो.

पाऊस मात्र मोडेमच्या आत जाण्याआधी कनेक्टरमध्ये शिरतो. आयपी 67 लिहिलेला डबा मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरेल, पण बाहेरच्या एन कनेक्टरवर चिकटपट्टी नीट गुंडाळली नसेल, तर केबलच पाणी पिते आणि सिग्नल तिथेच जिरतो. पावसाळ्यातल्या तक्रारींमध्ये मी आधी मोडेम कधीच उघडणार नाही. शिडी घेऊन वर जाईन. वर गेलोच, तर पडलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं अर्थिंग आहे की नुसता शोभेला लटकतोय, तेही बघेन.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत अंतराचा प्रश्नच नसतो. तिथे मोडेम लागतो छताखालच्या रुळांवर धावणाऱ्या ईओटी क्रेनवर, लोंबणारी केबल सारखी तुटते म्हणून. हादरे, वेल्डिंगचा विजेचा कचरा आणि चहूकडे लोखंड. क्रेन दोन फूट सरकली की सिग्नल बदलतो.

मग सिमकार्डवाला मोडेम का नको? शहरात, बिलाचं रीडिंग तासाला एकदा पाठवायला जरूर घ्या, स्वस्त पडतो. पण पंप चालू-बंद करण्यासाठी मी तो लावणार नाही. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, रिचार्ज करायचं कुणीतरी विसरलं, यातलं काहीही आपल्या हातात नसतं. स्वतःच्या रेडिओत काही बिघडलं, तर निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते माहीत असतं.

[दृश्य: पुन्हा पंपहाउस. पॅनलच्या दारावरचा सिलेक्टर स्विच.]

आणि रेडिओही गप्प होतोच. तेव्हा खालच्या पीएलसीने काय करायचं, हे आधी ठरवून प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं हवं. बहुतेक जण असं करतात: अमुक मिनिटं टाकीचं उत्तर आलं नाही, तर पंप बंद आणि भोंगा चालू. पाणी वाया जात नाही, पण वरची वस्ती कोरडी राहू शकते. रुग्णालयाची टाकी असेल, तर हिशोब उलटा. तिथे पंप ठरावीक वेळ चालू ठेवतात, आणि टाकीच्या ओव्हरफ्लोला मोठा पाइप देतात. हा निर्णय मोडेम विकणारा घेऊ शकत नाही. तो पाणीपुरवठा बघणाऱ्यांनी कागदावर लिहून द्यायचा, आणि पॅनलच्या दाराला आतून चिकटवायचा. ऑटो-मॅन्युअलचा स्विच तेवढा कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका. व्हॉल्व्हमनला रात्री अडीच वाजता तोच लागतो.