ज्याला दिसतं, त्याची जबाबदारी

ड्रोनचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. हजारो मैलांवर गार खोलीत बसायचं आणि बटण दाबून माणसं मारायची, हा भ्याडपणा नाही का? मला हा आक्षेप फारसा पटत नाही, म्हणून आधी तो बाजूला ठेवतो. शत्रूच्या टप्प्याबाहेर राहून त्याला टिपायचं ही धडपड युद्धाइतकीच जुनी आहे. धनुष्यबाण आला तो त्यासाठी, तोफ आली तीही त्यासाठीच. 1849 मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजेने वेढा घातलेल्या व्हेनिसवर बॉम्ब बांधलेले बिनमाणसांचे फुगे सोडले होते. वारा फिरला आणि त्यातले काही सोडणाऱ्यांकडेच परत आले, ते सोडा. अंतर हाच गुन्हा मानायचा तर तोफखान्यापासून सुरुवात करावी लागेल.

दुसरा आक्षेप असा की पडद्यावर सगळं व्हिडिओ गेमसारखं वाटतं, म्हणून चालकाचं मन मरतं. इतकं सरळ नाही ते. अमेरिकी सैन्याच्याच 2013 मधल्या पाहणीत ड्रोनचालकांचं आणि प्रत्यक्ष विमानात बसणाऱ्या वैमानिकांचं मानसिक त्रासाचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. बॉम्बफेकी वैमानिक बॉम्ब टाकतो आणि निघून जातो. ड्रोनचालक एकाच माणसाला तासन् तास पाहत राहतो आणि मारल्यावरही तिथेच थांबून पाहतो.

माझा मुद्दा या पाहण्यावरच उभा आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या जोड-करारात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी फार होणार असेल तर हल्ला करू नका. आणि शक्य ती सगळी खबरदारी घ्या. आता ‘शक्य’ किती, हे तुम्हाला काय दिसतं आणि हाताशी वेळ किती आहे यावर ठरतं. अंधारात, गोळीबारात अडकलेल्या शिपायाला आपण जी सूट देऊ, ती आठ तास आकाशातून शांतपणे पाहणाऱ्याला कशी देणार? ड्रोनने ‘मला दिसलंच नाही’ ही सबब काढून घेतली. निदान तसं व्हायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. 21 फेब्रुवारी 2010, अफगाणिस्तानातला उरुझगान प्रांत. पहाटे तीन गाड्या रस्त्याने चालल्या आहेत. वर प्रिडेटर ड्रोन आहे, त्याचे चालक नेवाडातल्या तळावर, आणि चित्र पाहणारे विश्लेषक फ्लोरिडात. गाड्यांत मुलं असावीत असं विश्लेषक कळवतात. निरोप पुढे सरकतो तशी ‘मुलं’ वयाने वाढतात, किशोरवयीन होतात, आणि मग या वयाची पोरं बंदूक चालवू शकतातच, असं बोलणं सुरू होतं. लोक उतरून नमाज पढतात, तर तोही ते अतिरेकी असल्याचा पुरावा ठरतो. काही तासांच्या या टेहळणीनंतर हेलिकॉप्टरं येऊन मारा करतात. मग पडद्यावर बायका दिसू लागतात. अमेरिकी मोजणीप्रमाणे 15-16 आणि गावकऱ्यांच्या मते 23 नागरिक मेले. लष्करी चौकशीत ड्रोनच्या तुकडीने दिलेली माहिती चुकीची आणि अव्यावसायिक असल्याचा ठपका आला.

अकरा वर्षांनी काबूल. 29 ऑगस्ट 2021 ला एका पांढऱ्या मोटारीवर सुमारे आठ तास पाळत ठेवून क्षेपणास्त्र सोडलं गेलं. मोटार एका मदतसंस्थेचा कर्मचारी चालवत होता, आणि ज्यांना स्फोटकं समजले ते पाण्याचे कॅन होते. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. आपल्या मनात आधी बसलेल्या गोष्टीलाच पुरावे शोधत गेलो, असं अमेरिकी हवाई दलाच्या महानिरीक्षकांनी कबूल केलं. पण कायदा मोडला नाही आणि निष्काळजीपणाही झाला नाही, असा निष्कर्ष निघाला. शिक्षा कुणालाच झाली नाही.

आता दोष कुणाचा, सांगा. कॅमेरा धरणारा एक, चित्र वाचणारा दुसरा, निरोप देणारा तिसरा, मंजुरी देणारा चौथा, आणि प्रत्येकाच्या मते आपलं काम नियमाने झालेलं. एवढे डोळे लावले की अधिक दिसेल असा आपला समज असतो. पण प्रत्येक डोळा पुढच्याच्या भरवशावर असतो, आणि जबाबदारी वाटून वाटून इतकी पातळ होते की शेवटी कुणाच्याच वाट्याला येत नाही.

ड्रोनमुळे युद्ध सुरू करणंही स्वस्त होतं. अमेरिकेच्या 1973 च्या कायद्याप्रमाणे तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, मंजुरीशिवाय 60 दिवसांच्या पलीकडे लढाई चालू ठेवता येत नाही. 2011 मध्ये लिबियात ड्रोन हल्ले चालू असताना ओबामा सरकारने सांगितलं की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, समोरून गोळ्या खात नाहीत, म्हणून या कायद्याच्या अर्थाने ही लढाई नव्हेच. खाली मरणाऱ्याला हा युक्तिवाद ऐकवून पाहा.

इथवर महागड्या ड्रोनची गोष्ट झाली. युक्रेन युद्धाने काही शे डॉलरचे ड्रोन आणले, ड्रोनचं चित्र दाखवणारा चष्मा डोळ्यांवर लावून उडवायचे, लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारे. इथे लांबलचक साखळी नाही. पाहणारा, ठरवणारा आणि मारणारा बहुधा एकच. म्हणजे माझं म्हणणं खरं असेल तर इथे जबाबदारी सगळ्यात स्पष्ट हवी. आणि याच ड्रोननी युक्रेनमधल्या खेरसनमध्ये सायकलवरच्या, बाजारात निघालेल्या माणसांचा पाठलाग केला. मे 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या रशियन हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. हल्ल्यांच्या चित्रफिती मोठ्या हौसेने टेलिग्रामवर टाकल्या जात होत्या. दिसत नव्हतं असं कोण म्हणेल?

शरणागतीचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. हात जोडलेल्याला, शस्त्र गळालेल्याला, ‘मी तुझा आहे’ म्हणणाऱ्याला मारू नये, असं आपल्या जुन्या धर्मशास्त्रांतही सांगितलं आहे आणि आजचा कायदाही तेच सांगतो. 1991 च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलका बेटावरच्या इराकी सैनिकांनी अमेरिकी युद्धनौकेच्या टेहळणी ड्रोनला पांढरी फडकी दाखवली. पुढे 2022 मध्ये युक्रेनच्या सैन्याने तर ड्रोनपुढे शरण कसं यावं, याची चित्रफीतच काढली. पण फुटणाऱ्या ड्रोनचं काय? त्याची बॅटरी संपत आलेली, परतीची सोय नाही, आणि खड्ड्यातला माणूस हात वर करून त्याच्याकडे बघतोय. चालकाने ड्रोन रिकाम्या शेतात पाडावा, असं मला वाटतं. पण आपल्या सैनिकाने तसं केलं तर त्याचा वरिष्ठ काय म्हणेल, हा प्रश्न प्रत्येक देशाने स्वतःला विचारावा.

आणि तो हात वर केलेला माणूस यंत्राला दिसेल का? समोरच्याने संदेशलहरी जाम केल्या की चालकाचा संपर्क तुटतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात लक्ष्य धरून ठेवण्याचं काम आता ड्रोनमधल्या सॉफ्टवेअरकडे दिलं जातंय. रणगाड्याचा आकार त्याला ओळखता येतो. पण वर उचललेले हात, त्याचा अर्थ, गेल्या मिनिटाभरात बदललेला त्या माणसाचा हेतू? सॉफ्टवेअर चुकलं तर खटला कुणावर भरायचा, या प्रश्नाला मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

कुणी विचारेल, ‘मग ड्रोनवर बंदीच का नको?’ आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर 1995 मध्ये बंदी आली, माणसांसाठी पेरलेल्या सुरुंगांवर 1997 मध्ये, हे खरं. पण लग्नाचं चित्रीकरण करायला आणि पिकावर फवारणी करायला वापरतात त्याच मोटारी, तेच कॅमेरे यात असतात. बंदी कशावर घालणार? माझी मागणी लहान आहे. चालक पाहून मारा करतो अशा ड्रोनवर कॅमेरा असतोच, तेव्हा चित्रण बहुतेकदा असतं. उरुझगानच्या चालकांचं बोलणं लोकांपुढे आलं ते माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली वृत्तपत्राने कागद मिळवल्यामुळे, आणि काबूलची चित्रफीत बाहेर यायला एका वृत्तपत्राला न्यायालयात जावं लागलं. हे उलटं व्हायला हवं. नागरिक मेल्याची तक्रार आली की मूळ चित्रण, आवाजासकट, न कापता, स्वतंत्र चौकशी करणाऱ्यांच्या हाती देणं देशावर बंधनकारक असावं. गुपित असेल तर बंद खोलीत दाखवा. आणि चित्रण ‘नष्ट झालं’ असं उत्तर आलं, तर हल्ला बेकायदा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार हल्ला करणाऱ्यावर टाकावा.