आपण नदीच्या वरच्या अंगाला राहतो

मंडळी, गोदाकाठी बसून समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल काय ऐकायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग काही वर्षांपूर्वी अंतर्वेदीला जाणं झालं. आंध्रात गोदावरीची वसिष्ठा नावाची शाखा तिथे समुद्राला मिळते. आपल्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी १४६५ किलोमीटर चालून आलेली असते. किनाऱ्यावर भरतीने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याची लांबच लांब रेघ होती. तिथे उकिडवी बसले आणि मूठभर वाळू तळहातावर पसरली. शिंपल्यांच्या चुऱ्यात निळे, पांढरे, लाल कण. नायलॉनच्या दोरीचा एक धागा, तो जाळ्यातला असावा. बाकीचे कण बादलीचे, झाकणाचे की पिशवीचे, काही कळेना. मी नाशिकच्या गोदाघाटावर, आमच्या भाषेत गंगाघाटावर, लहानाची मोठी झाले. या कणांत आमच्या गावचं काहीच नाही, असं छातीवर हात ठेवून म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही.

समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी नाही का? आहे की. ‘मारपोल’ नावाचा जहाजांसाठीचा करार आहे. त्याचं पाचवं परिशिष्ट १९८८च्या अखेरीस लागू झालं. तेव्हापासून कोणत्याही जहाजाने समुद्रात कुठेही प्लास्टिक टाकायचं नाही, असा नियम आहे. पण समुद्रातलं बहुतेक प्लास्टिक जहाजांतून येतच नाही; ते जमिनीवरून, नद्या-नाल्यांतून येतं. म्हणजे जगाने दिंडीदरवाजाला कुलूप लावलं आणि वेस उघडीच ठेवली.

ती वेस बंद करायचं २ मार्च २०२२ रोजी नैरोबीत ठरलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत सगळ्या देशांनी ठराव केला की प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध बंधनकारक करार करायचा आणि त्यात प्लास्टिकचा जन्मापासून शेवटापर्यंतचा सगळा प्रवास धरायचा. मुदत २०२४ अखेरची होती. उरुग्वे, पॅरिस, नैरोबी, ओटावा अशा बैठका झाल्या. २०२४च्या डिसेंबरात बुसानची बैठक करार न होताच उठली. मग ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हाला दहा दिवस खल झाला. तिथूनही सगळे रिकाम्या हातांनी परतले.

अडलं कुठे, हे समजायला नाशिककरांना जिनिव्हाला जावं लागत नाही. जायकवाडीचं भांडण आपण घरचं म्हणून भांडलो आहोत. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दुष्काळी वर्षात त्यावरून केवढी आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या होतात, ते तुम्ही पाहिलं आहे. वरच्याला वाटतं, माझ्या दारचं पाणी का सोडू? खालचा म्हणतो, नदी काय तुमच्या एकट्याची आहे? प्लास्टिकचंही तसंच आहे. लहान बेटांचे देश खालच्या अंगाला आहेत; त्यांच्या किनाऱ्यावर जगाचा कचरा लागतो. नॉर्वे आणि रवांडा यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला देशांचा गट म्हणतो, मुळात प्लास्टिक बनवणंच आवरा. तेल आणि पेट्रोकेमिकलवर जगणारे देश म्हणतात, उत्पादनाला हात लावू नका, कचऱ्याचं काय ते बघा. त्यात निर्णय एकमताने, म्हणजे एकजण अडून बसला की सगळे अडले.

आणि भारत? उत्पादनावर मर्यादा नको, स्वतंत्र निधी द्या, निर्णय एकमतानेच घ्या, ही भारताची भूमिका. निधीची मागणी मला शंभर टक्के पटते. पहिली मागणी पटत नाही, आणि ती का पटत नाही ते दिंडोरीच्या एका टोमॅटोच्या वावरात समजलं. हंगाम संपला होता, दोन बाया मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, काढत होत्या. केसापेक्षाही पातळ तो कागद, उन्हाने कडक झालेला. ओढला की हातात एवढीशी चिंधी येई, बाकीचा मातीतच. मी एक तुकडा उचलला, तर बोटांत त्याचा चुरा झाला. एकीला विचारलं, याचं करता काय? ती म्हणाली, “ताई, भंगारवाला घेत नाही, माती लागलेली असते. बांधावर पेटवतो, न्हाईतर नांगरात जातो.” पावसाळ्यात तो बांध ओढ्याला मिळतो, ओढा कादवेला आणि कादवा गोदावरीला. त्या चुऱ्याला कोणती घंटागाडी पुरी पडणार? शेतकऱ्याचा दोष नाही; पाणी वाचवायला आपणच त्याला तो कागद वापरायला सांगितलं. पण तो कशाचा बनवायचा आणि हंगाम संपल्यावर परत कोणी न्यायचा, हे कारखान्याच्या दारातच ठरायला हवं. वेफर्सच्या पाकिटाचंही तेच. प्लास्टिकच्या थरांत धातूचा पापुद्रा. म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही.

असे करार होत नाहीत, असं मानणाऱ्यांना मी ओझोनची आठवण करून देते. १९८७ साली ओझोनचा थर विरळ करणारे वायू थांबवण्यासाठी माँट्रियल करार झाला, तेव्हा भारताने सही केली नाही. श्रीमंत देशांचा फ्रिजमधला असा वायू वापरून झाला, आता आम्हाला बंदी, आणि नवं तंत्र विकत घ्यायला पैसा कोण देणार, असा आपला सवाल होता. १९९०मध्ये लंडनला त्यासाठी निधी उभारायचं ठरलं. त्यात पैसे औद्योगिक देशांनी घालायचे. १९९२मध्ये भारत करारात सामील झाला आणि ते वायू बनवणं टप्प्याटप्प्याने बंदही केलं. म्हणजे उत्पादनावरची बंदी भारताने एकदा मान्य केलेली आहे, तीही हक्काचा पैसा मिळवून. तसाच सौदा प्लास्टिकसाठी करायला आपण का कचरतो, हे आपल्या खासदारांना विचारायला हवं. मी पत्र लिहिलं आहे. त्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत, मल्चिंग पेपरबद्दलचा मुद्दा त्यात तिसरा आहे. दिंडोरी, निफाडकडून आलेल्यांनी तो वाचून, काही चुकलं असेल तर जाण्यापूर्वी मला सांगावं.