आधी थांबायचं

[जॅकवर उचललेली गाडी. पुढचं उजवं चाक काढलेलं. हातोडीचे ठोके.]

हा ठोका ब्रेकच्या ड्रमवर पडतोय. गाडी टाटा 407, सन 1998 ची. ड्रम गंजून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, धरून बसलाय. गॅरेजचे उस्ताद एका जागी दोनदा मारत नाहीत. ड्रम थोडा फिरवतात, मारतात, परत फिरवतात. ड्रम बिडाचा असतो, एकाच जागी जोर लावला की तडकतो.

निघाला.

आतली काळी भुकटी दिसतेय, ती घासलेल्या लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीची. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसाला घातक ॲसबेस्टॉस असायचं, म्हणून इथे कुणी हवा मारून ड्रम साफ करत नाही. हाताखालचा मुलगा आधी पाणी शिंपडतो, मग ओल्या फडक्याने पुसतो. आता जवळून बघा. लायनर इतकं झिजलंय की रिबिटांची डोकी वर आलीत आणि त्यांनी ड्रमला आतून गोल चरे पाडलेत. या चऱ्यांवर भरवसा ठेवून ही गाडी घाट उतरत होती.

[गाडी आतून. पलंग, दोन बर्नरची शेगडी, खिडकीला फुलाफुलांचे पडदे.]

पूर्वी ही शाळेची बस होती. आता लातूर जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं आणि बाईंचं चालतंफिरतं घर आहे. दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. पलंग गावच्या सुताराने केला, वायरिंग गुरुजींनी स्वतः. पडदे बाईंनी शिवले.

पलंगाखाली ही निळी टाकी आहे. दोनशे लिटरची. एवढं पाणी कशाला, असं आम्हीही विचारलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी काढला, ते पाणी घरून भरूनच निघतात.

पण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. त्यात प्लायवूड, बॅटऱ्या, सिलिंडर, छतावरचं सोलर. म्हणून गाडी उघडायच्या आधी उस्तादांनी ती एका जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. कापसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे उभी आहे, तीच. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की मागच्या एक्सलवर किती भार येतो ते कळतं. मागे भार जास्त निघाला. पाण्याची टाकी पलंगाखालून काढून दोन्ही एक्सलच्या मधे घ्यायची, हे त्या काट्यावरच ठरलं.

[कन्नडचा घाट, वरून. धुकं.]

गुरुजी दोन वर्षांपूर्वी या घाटातून चाळीसगावकडे उतरत होते. निम्म्यात ब्रेकचं पेडल मऊ झालं, मग फळीला टेकलं. गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबली.

तरी गॅरेजात आले ते इंजिनसाठी. चढावर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती, मागे ट्रकांची रांग लागायची. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, पळवायला मी कधीपण देईन. पहिले रुकायचं बघू."

हे वाक्य आम्ही या चित्रफितीत आणखी कुठेही कापून वापरलेलं नाही. इथेच ठेवलंय, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं आहे. वेग ताशी 40 वरून 60 वर गेला तर तो दीडपट होतो. पण थांबताना ब्रेकला जी ऊर्जा जिरवायची असते, ती सव्वादोनपट होते. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये, लायनरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. इंजिन वाढवलं आणि ब्रेक जुनाच ठेवला, तर आपण घाटातली ती दुपार परत बोलावून घेतो.

[बाटलीत ओतलेलं जुनं ब्रेक ऑइल. चहाच्या रंगाचं.]

त्या दुपारी काय झालं, ते या बाटलीत आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. आपण बदलत नाही, आणि ते वर्षानुवर्षं पाणी पीत राहतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. तेच ओल धरलेलं असलं की हा आकडा 140 वर येतो. लांब उतारावर पाय ब्रेकवरून उठला नाही की ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून लांब जातो. ऑइल उकळतं, पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही.

आता या गाडीत डॉट 4 भरलंय. ताज्याला 230, ओल्याला 155. दर दोन वर्षांनी बदलायचं, ही तारीख उस्तादांनी दाराच्या आतल्या पत्र्यावर रंगाने लिहिली आहे.

[नवा पुढचा एक्सल. डिस्क हाताने फिरवताना.]

पुढे आता ड्रम नाहीत, डिस्क आहेत. तेवढंच वजन वाहणाऱ्या नव्या गाडीचा डिस्कसकट पुढचा एक्सल इथे बसवलाय. कॅलिपर दोन्ही बाजूंनी डिस्कला चिमटीत धरतो, आणि डिस्क उघडी असल्यामुळे हवेने लवकर निवते.

एवढ्यावर काम संपलं असं समजणारे पुष्कळ आहेत, आणि म्हणूनच इथे थोडं थांबायला हवं. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्यानेच बूट (लायनर बसवलेला पत्रा) आणखी आवळला जातो, ब्रेकला आपोआप मदत मिळते. डिस्कला ती मदत नसते, तिला दाब जास्त लागतो. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मोठा. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्यात, पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत, घासत राहतात, आणि थंड राहायला बसवलेली डिस्क लाल होते. म्हणून मास्टर सिलिंडरही नवा, दोन कप्प्यांचा. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. एक फुटली तरी दुसरी धरते.

[लेथ. ड्रम फिरतोय. बिडाचा चुरा.]

मागे ड्रमच ठेवलेत, पण ते छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला लेथवर लावून आतून साफ केले. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याच्या आसपास सुट्या भागांची शेकडो वर्कशॉप उभी राहिली आणि तिथे हाताने मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारी माणसं घडली. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्याच्या पुढे एक पापुद्राही काढायचा नाही, आणि जेवढं डाव्याला घेतलं तेवढंच उजव्याला. नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. या टर्नरने दोन्ही ड्रम मोजून शेजारी ठेवले आणि पुन्हा मोजले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जुनी गाडी भंगारात घालणं सोपं आहे. हे कसब कोणत्या भंगारवाल्याकडे मिळणार?

[पेडलवर मुलाचा पाय. चाकाशी उस्ताद, हातात पारदर्शक नळी.]

"मार… मार… मार… धर."

"धरला."

"सोड."

ही हवा काढायची पद्धत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकाजवळचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडायचा तो पेडल दाबलेलं असतानाच, आणि पाय उचलायच्या आत बंद करायचा. नळीत बुडबुडे दिसतायत. हळूहळू कमी होतायत. हे आम्ही सलग ठेवलंय. चार चाकांना दीड तास लागला.

[साखळीवर टांगलेलं इंजिन.]

आणि आता इंजिन. जुनं 497 होतं, टर्बो नसलेलं. या आकड्यात त्याची सगळी कुंडली आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. मिळून 2956 सीसी. नवं म्हणून आलंय ते त्याच घराण्यातलं, पण टर्बोवालं. रीतसर बिलासकट घेतलेलं आणि पूर्ण खोललेलं. क्रँक 0.25 मिलिमीटर घासून त्या मापाची बेअरिंग टाकलीत. सिलिंडरचे लायनर, पिस्टन, रिंगा नव्या. डिझेल फवारणारे पंप आणि नोझल पंपवाल्याकडून तपासून आणले.

टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुराकडून करून घेतलेलं काम. सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं. चढ संपवून थांबलात की लगेच चावी बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळायला हवं.

रेडिएटरमधून निघालेला हा गोळा कापसाचा आहे. हंगामात आपल्या रस्त्यांवर कापूस उडतो, जाळीत अडकतो, वर धूळ बसते आणि गाडी तापते. दोष मात्र इंजिनला लागतो. इथे आता मोठा रेडिएटर आहे आणि पुढे जाळी, जी गुरुजी हाताने काढून झटकू शकतात.

हा छोटा व्हॅक्यूम पंप दाखवल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. अशा डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर पेट्रोल गाडीसारखं झाकण नसतं, त्यामुळे बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी) आपोआप तयार होत नाही. तो हा पंप करतो, आणि पंपाला इंजिन फिरवतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे भाऊ आजही दिसतात. दोन-तीनदा पेडल दाबलं की बूस्टर रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं लागतं. ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. हे आपल्या जुन्या ड्रायव्हरांनी सांगून ठेवलंय, ते फुकट नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे अशा बदलांना आरटीओची मान्यता लागते आणि नवा इंजिन क्रमांक आरसी बुकात चढवावा लागतो. त्यात काही महिने गेले. खर्च गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांतून झाला.

[दौलताबादचा किल्ला. गाडी खुलताबादच्या घाटाला लागते.]

टाकी भरलेली. बाई पुढच्या सीटवर, उस्ताद मागे पलंगावर कान लावून बसलेले. नव्या पॅडना आधी मोकळ्या रस्त्यावर बसवून घेतलं होतं: 50 वरून 10 पर्यंत हळू करायचं, पूर्ण थांबायचं नाही, थंड होऊ द्यायचं, पुन्हा. कागजीपुऱ्याहून पुढे चढ. तिसरा गिअर. तिसराच.

वर वळून गाडी परत फिरली. आता उतार. गुरुजींचा पाय बघा. दाबला, सोडला. दाबला, सोडला. मधे पाय पूर्ण वर.

[पायथा. उस्ताद खाली बसून कॅलिपरवर तापमानाचं यंत्र धरतात.]

पडद्यावरचा आकडा वाचा. ओल्या ऑइलच्या 155 हून तो बराच खाली आहे.

उस्तादांनी चारही चाकं मोजली, वहीत लिहिली, आणि मागचं डावं पुन्हा मोजलं. ते बाकीच्यांपेक्षा जरा गरम होतं. "हँडब्रेकची तार ओढलेली राहिली," म्हणाले, आणि पाना मागितला.

[गाडीखाली उस्तादांचे पाय. शेजारी बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या.]